वाचायचं, सांगायचं नाही

"रत्नमाला, उद्यापासून तू खाली बसत जा," खोब्रागडे गुरुजी म्हणाले, आणि तेही इतक्या गोड आवाजात की शेजारच्या सगुणाबाईला वाटलं, ते माझी तब्येतच विचारून राह्यले.

ग्रंथ अजून माझ्या मांडीवर उघडा होता. भाद्रपदातली दुपार, धानाची रोवणी आटोपलेली. विहारातल्या बाया नुकत्याच उठून दारात आपापल्या चपला शोधत होत्या.

"खाली म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"चटईवर, बायांमध्ये. खुर्चीवर तालुक्याचे उके साहेब बसतील. मोठे बौद्धाचार्य आहेत. राहिलेलं वाचन ते करतील, वरून समजावूनही सांगतील."

"माझं वाचन चुकलं का?"

"वाचन तुझं फर्स्टक्लास आहे. त्याच्यावर कोणी बोट ठेवून नाही राह्यलं."

"मग?"

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. शाळेतही मारायच्या आधी ते चष्मा पुसायचे. "तुझ्या सासरचे लोक विहाराच्या कमिटीकडं आले होते. देवानंद स्वतः आला होता. रडला पोरगा माझ्याजवळ. दारू सोडली म्हणते. आता तूच सांग, नवरा सोडून बसलेली बाई खुर्चीवर बसून लोकाले सम्यक जीवन वाचून दाखवते, हे बरं दिसते का? पौर्णिमेला येते तो तुला न्यायला. विहारातच, सगळ्यांसमोर समेट करून टाकू. मग माहेरपणाला आली की वाच ना. कोण नाही म्हणते?"

मी ग्रंथ मिटला. उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण विहारात तसले शब्द बोलत नाहीत.

वर्षावास म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, असा जुना नियम. आमच्या गावाला भिक्खू कुठून येणार? म्हणून आमच्याकडं त्या तीन महिन्यांत विहारात रोज ग्रंथवाचन होतं. पुरुषांचं रात्री, आमच्या महिला मंडळाचं दुपारी. पांढरी चादर घातलेली एक लाकडी खुर्ची, तिच्यात वाचणारी बसते, बाकीच्या चटईवर बसून ऐकतात. नियम एकच होता, वाचायचं, सांगायचं नाही. अर्थ सांगायचा तो भन्तेंनी, म्हणजे भिक्खूंनी, नाही तर बौद्धाचार्यांनी. बाईनं नुसतं वाचायचं.

मी दहावी पास, गळा मोकळा. सलग तिसऱ्या वर्षी माझ्याकडंच वाचन होतं. आणि हसायचं तर हसा, पण त्या खुर्चीत बसलं की मी कोणाची सोडलेली नव्हते. गावात, विहिरीवर, राशनच्या दुकानात मी देवानंदची पळून आलेली बायको होते. देवानंदनं माझं मनगट मोडलं होतं. भांडण होऊन नव्हे. मी पाणी द्यायला उशीर केला एवढंच. ते गावाला माहीत होतं. तरी पळाले मीच. खुर्चीत मात्र मी वाचणारी होते, आणि मी वाचत असताना पाटलाच्या घरची सूनसुद्धा मागच्या खिडकीशी येऊन ऐकायची.

घरी आले तर माय तांदूळ पसरून खडे निवडत होती. तिला आधीच कळलं होतं. आमच्या गावात बातमी माणसाच्या पुढं चालते.

"जाय ना पोरी," ती ताटातून मान वर न करता म्हणाली. "सोडली म्हणते ना त्यानं."

"तुझा विश्वास बसला?"

"माह्या विश्वासाले कोण पुसते. मी मेल्यावर तुले कोण पाह्यन, थे सांग."

"माझी मी पाहीन."

"हाव, पाह्यशीन. तुह्या मामीलेई असंच वाटे, एकटीच मेली." तिनं एक खडा काढून अंगणात फेकला. "पौर्णिमेले सगळ्या लोकायसमोर नाही म्हनशीन, तर मंग या गावात आपन दोघी कशा राहू? मले तं विहारातई कोनी नाही बलावनार."

मायचा सारा मान विहारातलाच. ती शाळेत गेली नव्हती. पण तिला पालीतली सगळी वंदना तोंडपाठ होती, माझ्या आज्यानं लहानपणी म्हणून घेतलेली. भन्ते आले की बायांच्या बाजूनं सुरुवात मायच करायची. तेवढं एक तिच्याजवळ होतं, आणि ते माझ्यापायी जाणार होतं. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. त्या दिवशी मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. आमच्याकडं नवेगावच्या जंगलाच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे, आम्ही तिला कॅम्प म्हणतो. ते लोक थंडीत नागपूरला स्वेटर विकतात, बाकी वर्षभर आमच्यासारखाच धान पिकवतात. तिथल्या दवाखान्यात मी मदतनीस होते, झाडू मारायचा, पट्ट्या करायच्या. आनी देचेन तिथं गुडघे शेकायला यायची. आनी म्हणजे भिक्षुणी. डोकं चकोट, अंगावर मरून वस्त्र, पायात बाप्याचे बूट. लहानपणापासून इथंच वाढलेली, त्यामुळं मराठी बोलायची, पण आपल्या चालीनं.

तिची माझी ओळख भांडणातून झाली. यंदाच्या वर्षावासाच्या सुरुवातीला ती म्हणाली होती, "बेटी, विहारावरून जाताना तुझा आवाज ऐकला. झपझप वाचते. समजते का?"

मी चिडले. "दहावी पास आहे मी."

"दहावी नाही विचारली. समजते का?"

मी तिच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी जरा जोरातच ठेवली. ती हसली. "मी नाही म्हणत हे. आमच्याकडं तिबेटात माचिग लाब्द्रोन झाली, नऊशे वर्षं झाली. मोठी गुरू. पण आधी ती काय होती? वाचणारी. लोक घरी बोलवायचे, ग्रंथ वाच म्हणायचे. तिच्याइतकं भराभर कोणी वाचायचं नाही. जेवण द्यायचे, कपडा द्यायचे. एक दिवस एक लामा तिला म्हणाला, वाचते छान, समजते का? ती म्हणाली, समजते. तो म्हणाला, परत वाच, आता हळू."

त्या दिवसापासून मीही घरी पान दोनदा वाचायला लागले, एकदा तोंडानं आणि एकदा डोक्यानं. दुसऱ्या वाचनात पुष्कळ ठिकाणी थांबावं लागायचं.

आज मात्र मी पिशवी भरता भरता तिला सगळं सांगून टाकलं. गुरुजी, उके साहेब, देवानंद, पौर्णिमा. आनीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भीती कोणाची वाटते?"

"कोणाची नाही."

"खोटं."

"नवऱ्याची," मी म्हटलं. "तो समोर येणार म्हटलं की पोटात गोळा येतो. तोंडच उघडत नाही माझं."

"मग तेच तुझं भूत."

"आनी, भूतबीत आम्ही मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत आम्ही."

"माचिग पण कुठं मानायची? ती म्हणायची, भूत झाडावर नसते. हे जे पोटात येते ना, तेच भूत. लोक त्याला मारायला जातात, नाही तर पळतात. ती म्हणायची, पळू नको. समोर बोलव, बसव, जेवायला वाढ." तिनं आपला गुडघा चोळला. "तिला पण लोक लय बोलले. आधी भिक्षुणीसारखी राहायची. मग तुमच्या देशातला एक जोगी भेटला, त्याच्यासोबत राहिली, लेकरं झाली. लोक म्हणाले, गेली ही, बिघडली. मग तिनं घर सोडलं, परत धम्मात आली. तेव्हा म्हणाले, लेकरं सोडणारी बाई काय शिकवणार? राहिली तरी वाईट, गेली तरी वाईट. ती डोंगरावर जाऊन बसली आणि शिकवत राहिली. लोकच वर चढून आले."

"आणि कोणी उठवलं नाही तिला?"

"आले ना उठवायला," आनी म्हणाली, आणि तिनं पुढचं सांगितलं. मी पाणी थंड होईपर्यंत ऐकत राहिले. आत डॉक्टर हाक मारत होते, तरी मी हलले नाही.

पौर्णिमेच्या दुपारी विहार गच्च भरला. नुसतं वाचन असतं तर एवढ्या बाया आल्या नसत्या. नवरा-बायकोचा समेट बघायला मिळणार म्हटल्यावर कोण घरी राहणार? माय पहिल्या रांगेत बसली, माझ्याकडं न बघता. मी तिच्या मागे चटईवर बसले. उके साहेब पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर बसले. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. आवाज चांगला होता, आणि खुर्चीत बसताना त्यांनी माझ्याकडं थोडं ओशाळून पाहिलंही. गुरुजी त्यांच्या बाजूला. देवानंद दारात उभा होता, नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून.

गोळा आलाच पोटात. मनगटसुद्धा दुखायला लागलं.

मी मान वळवून म्हटलं, "दारात काहून उभे? समोर या ना. इथं जागा आहे, बसा."

बाया कुजबुजल्या. गुरुजींचा चेहरा उजळला, त्यांना वाटलं काम झालं. देवानंद आला आणि माझ्यासमोर, दोन हातांवर, बाजूच्या भिंतीला टेकून बसला. मी त्याच्याकडं नीट पाहिलं. पळून आल्यापासून मी त्याला पाहिलंच नव्हतं. कानामागं तेल ओघळलेलं, डोळे लाल. दारू सोडलेल्याचे डोळे मी पाहिलेत, ते तसे नसतात. मी बघत राहिले आणि गोळा हळूहळू सुटला.

त्रिसरण, पंचशील झालं. मग उके साहेब हात जोडून थांबले.

आता इथं आमची एक रीत सांगायला हवी. धम्म कोणी आपणहून सांगायचा नसतो. ऐकणाऱ्यांनी आधी हात जोडून मागायचा, आम्हाला सांगा म्हणून. त्याला याचना म्हणतात. याचना झाल्याशिवाय देसना, म्हणजे उपदेश, देत नाहीत, मग तो कितीही मोठा असो. माझ्या वाचनाला कधी याचना झाली नाही, कारण मी सांगणारी नव्हतेच. उके साहेब सांगायला आले होते, म्हणून त्यांना ती हवी होती. आणि आमच्या विहारात ती म्हणायची मायनं. माय म्हणणार, मग बाकीच्या तिच्यामागं.

माय गप्प बसली.

"अनुसयाबाई," गुरुजी म्हणाले, "याचना."

मायनं हात मांडीवरून उचलले नाहीत. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ तेवढी दिसत होती. ती माझ्या बाजूनं गप्प आहे, की नुसती घाबरली आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर अजून कळलेलं नाही.

"बरं, आधी समेट करून घेऊ," उके साहेबांनी वेळ सावरली. "ताई, तुमचे पती आले आहेत. चूक कबूल करतात. गृहस्थाचं शील सांभाळायचं असेल, तर घर सांभाळलं पाहिजे. काय म्हणता?"

"एक विचारू का साहेब?"

"विचारा."

"घरात मार खाणाऱ्या बाईनं शील सांभाळायचं म्हणजे काय करायचं? मी तीन वर्षं हा ग्रंथ वाचते. गप बसून मार खायचा, असं मला कुठंच सापडलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर पान दाखवा, मी आत्ता मोठ्यानं वाचते."

सगुणाबाई खोकली. तो खोकला नव्हता, हे तिला आणि मला दोघींनाही ठाऊक होतं.

"पान दाखवा म्हणते," गुरुजी रागावले. "वाचणं वेगळं, समजणं वेगळं, रत्नमाला. तुले काय समजते त्यातलं?"

"हेच एकीला विचारलं होतं गुरुजी," मी म्हटलं. "लाब्द्रोन तिचं नाव. नऊशे वर्षं झाली. तीही माझ्यासारखी वाचणारीच होती."

आणि मी बोलायला लागले. बसल्या जागेवरून, चटईवरूनच. ती भराभर कशी वाचायची, लामानं कसं टोकलं, मग ती हळू कशी वाचायला लागली. ती जोगड्यासोबत राहिली तेव्हा लोक काय बोलले आणि घर सोडलं तेव्हा काय बोलले. बाया माझ्याकडं वळल्या. मागच्या जन्माचं काहीबाही आनीनं सांगितलं होतं, ते मी गाळलं. आमच्या विहारात ते चाललं नसतं, आणि मलाही ते पटलेलं नव्हतं.

"मग ती डोंगरावर बसून शिकवायला लागली," मी सांगितलं, "आणि तिचं नाव इतकं झालं की ते आपल्या देशापर्यंत आलं. इथल्या पंडितांना काही ते सहन झालं नाही. एक बाई, त्यातून लेकुरवाळी, त्यातून तिबेटातली, आणि धम्म सांगते? तिला तपासायला इथून तीन मोठे आचार्य निघाले, बर्फातून चालत."

"बस झालं," गुरुजी उठून उभे राहिले. "हे कॅम्पातल्या बुवाबाजीचं इथं नको. डमरू वाजवणाऱ्या लोकाय्‌च्या गोष्टी सांगून राह्यली विहारात. देवानंद, घेऊन जा बाबा हिला. ऊठ रत्नमाला."

देवानंद उठला. मी उठले नाही.

"चाल," तो म्हणाला, आणि त्यानं हात पुढं केला. तोच हात होता. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिले. उके साहेब खुर्चीत चुळबुळले.

तेवढ्यात माय वळली. आख्खी वळली, बसल्या बसल्या, खुर्चीकडं पाठ करून. म्हाताऱ्या माणसाला चटईवर असं वळायला वेळ लागतो, सगळ्यांनी ते पाहिलं. माझ्याकडं तोंड करून तिनं हात जोडले आणि पालीतली याचना सुरू केली, पहिल्या शब्दापासून. अर्ध्यावर सगुणाबाईनं हात जोडले, मग दुसरीनं, मग मागच्या रांगेतून सगळ्यांचा आवाज आला. आयुष्यात मला कोणी हात जोडले नव्हते. मी रडले, आणि रडले म्हणून मला आजही लाज वाटत नाही.

याचना संपली. मायनं पदरानं तोंड पुसलं.

"मंग?" ती म्हणाली. "थे तिघं आले. मंग काय झालं, सांग."

मी डोळे पुसले आणि सांगितलं.

"ते आले. गर्दी जमली, आजच्यासारखीच. त्यांनी तिला ऊठ म्हटलं नाही, एवढे ते शहाणे होते. त्यांनी विचारलं, ती उत्तर देत गेली. एक थकला की दुसऱ्यानं विचारावं. शेवटी त्यांना विचारायला काही उरलं नाही, तेव्हा ते म्हणाले, बाई, धम्म आमच्या देशात झाला. आजवर तिकडून इकडं आला. तुझं हे कुठून आलं? तिकडून आलेलं नसेल तर आम्ही ते खरं कसं मानायचं? ती म्हणाली, इतके दिवस तुम्ही दिलंत, आम्ही घेतलं. आता हे माझं आहे. न्यायला आलात, तर हे घेऊन जा. आणि ते घेऊन गेले. तिबेटातून आपल्याकडं धम्म आला तो तेवढा एकदाच, एका बाईच्या तोंडून, असं तिचे लोक सांगतात."

देवानंद अजून हात पुढं करूनच उभा होता. त्याला तो मागं घ्यायचं सुचलं नव्हतं. लग्नापासून मी त्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. आमच्याकडं घेत नाहीत.

"देवानंद," मी म्हटलं, "तू न्यायला आलास ना? मी येत नाही. ही गोष्ट घेऊन जा."

तो गेला. गुरुजीही त्याच्यामागं गेले. उके साहेब खुर्चीवरून उठून पुरुषांच्या बाजूला भिंतीशी जाऊन बसले. खुर्ची रिकामी राहिली. तिच्यात बसायचं मला आठवलंच नाही, कारण सगुणाबाईनं पुढचं विचारलं होतं आणि मी ते सांगत होते.